फोटोत माझ्या मागं उभी असलेली माणसं

गड्यांनो, आज दोन फोटो हातात आले. घरी कुठला पाठवू, तुम्हीच सांगा.

आई सारखी विचारते, "तिकडं तुझं कोण आहे का रे?" इथं कुंभवलीत कारखान्यात कामाला आलोय; खोलीतला भिडू रात्रपाळीला, मी दिवसपाळीला. बोलायचं कुणाशी? तरी आईला "पुष्कळ आहेत" असं कळवून बसलोय. म्हणून मागच्या रविवारी बोईसरच्या बाजारात फोटोवाल्या काकांना म्हणालो, "माझ्या मागं ही सगळी गर्दी येऊ द्या."

आज पहिला फोटो बघितला तर माझा चेहरा स्पष्ट, अन् मागची माणसं विरघळल्यासारखी.

"काका, माणसं कुठं गेली?"

"अरे, भिंगाचं भोक मोठं ठेवलं का मागचं पुसट होतं. चेहरा कसा उठून आलाय बघ! तुला गर्दीच पायजे ना? मंग दुसऱ्याला भोक बारीक केलं. त्यात लांबची पाटी पन वाचता येते."

खरंच, दुसऱ्यात सगळे लख्ख आलेत. भाजीवाली, सायकलवाला, टपरीवरचे चौघे. पण एकही जण माझ्याकडं बघत नाही.

पुसट फोटोत ते कळत नाही. खांद्यामागचा तो पांढरा सदरा माझा मित्र असू शकतो, आत्ताच काहीतरी बोलून हसलेला.

काका म्हणाले, "साफवाला धाड, त्यात सगळं दिसतं."

मी पुसट फोटो पाकिटात घातलाय. अजून चिकटवलं नाही. तुम्ही तुमच्या आईला कुठला पाठवला असता?