पाणी मोजणारं मशीन

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. घरचे म्हणतात, हिच्या नाकावर राग ठेवलेलाच असतो. नागपूरच्या उन्हात सत्तावीस वर्षं कारखान्याच्या लॅबमध्ये काढली तर कोणाच्याही नाकावर बसेल. आमचा कारखाना हिंगण्याच्या बाजूला आहे. औषधाच्या गोळ्या बांधायला जी पांढरी पावडर लागते, ती आम्ही बनवतो. ही पावडर हवेतलं पाणी ओढून घेते, म्हणून ती वाळवून, पिशव्या सीलबंद करून पाठवावी लागते. पाठवण्याआधी तिच्यात पाणी किती उरलं ते मी तपासते आणि सही करते. माझी सही नसली तर ट्रक गेटबाहेर जात नाही. याचा मला जरा माजही होता.

आधी आम्ही ओव्हन वापरायचो. पावडर तोलायची, तापवायची, परत तोलायची, जे घटलं ते पाणी. मग माल घेणाऱ्यांनी सांगितलं की हे चालणार नाही, पाणी टायट्रेशननं मोजा, तेही मशीनवर. मला तेव्हा हसू आलं होतं. टायट्रेशन मला कोण शिकवणार? जो पदार्थ मोजायचा, त्यात त्याला संपवणारं दुसरं द्रावण थेंबथेंब सोडायचं आणि तो कुठल्या थेंबाला संपला ते ओळखायचं. किती सोडलं त्यावरून किती होतं ते कळतं. कॉलेजपासून मी हे काचेच्या ब्यूरेटनं, म्हणजे मापाच्या खुणा असलेल्या उभ्या नळीनं, करत आले. एका हातात ब्यूरेटची तोटी, दुसऱ्या हातानं फ्लास्क गोल फिरवत राहायचा, खाली पांढरी टाइल, आणि पदार्थ संपून रंग पालटायच्या वेळी श्वाससुद्धा जपून घ्यायचा. एक थेंब जास्त पडला की सगळं पहिल्यापासून. आणि एवढं करून बाजूचा म्हणणार, मॅडम, हा गुलाबी जरा जास्तच गुलाबी नाही का. अशा गुलाबीवरून मी किती लोकांशी भांडले असेन, त्याचा हिशेब नाही.

मशीन आलं ते मार्चमध्ये. बसवायला आलेल्या इंजिनिअरला मी पहिल्याच दिवशी सांगितलं, "आतून दाखवल्याशिवाय मी याच्या आकड्याखाली सही करणार नाही." मला वाटलं, टाळेल. पण त्यानं स्क्रूड्रायव्हर काढला आणि खरंच मागचं झाकण उघडलं.

मी वाकून पाहतच राहिले. आत एक जाड काचेची नळी, तिच्यात घट्ट बसलेला दट्ट्या, दट्ट्याच्या खाली बारीक आट्यांचा लांब स्क्रू, आणि तो स्क्रू फिरवणारी मोटर. ही मोटर पंख्यासारखी गरगर फिरत नाही. ती पावलं टाकते. एक पाऊल म्हणजे स्क्रू केसभर फिरणार, दट्ट्या त्याहून कमी सरकणार, आणि नळीच्या टोकातून इतकं थोडं द्रावण बाहेर पडणार की त्याला थेंब म्हणणंसुद्धा जास्त होईल. किती पावलं टाकली ते मशीन मोजतं, म्हणजे किती द्रावण गेलं ते त्याला ठाऊक. दट्ट्या खाली येताना झडप बाटलीकडे वळते आणि नळी भरते, वर जाताना झडप पावडर घालायच्या भांड्याकडे वळते. बाटली गडद तपकिरी, कारण आत आयोडीन असतं आणि उजेडानं ते बिघडतं. आयोडीन भांड्यात गेलं की तिथल्या पाण्याला शोधून संपवतं.

"आणि पाणी संपलं ते याले कसं समजते?" मी विचारलं. रंग पाहायला त्याला डोळे कुठे होते.

त्यानं भांड्यात बुडवलेली काचेची कांडी दाखवली. तिच्या टोकाला प्लॅटिनमच्या दोन तारा, डासाच्या पायाएवढ्या. त्यांच्यातून अगदी नावापुरती वीज सोडलेली असते. भांड्यात पाणी असेपर्यंत आयोडीन टिकत नाही, आणि वीज एका तारेतून दुसरीत ढकलायला मशीनला जोर लावावा लागतो. पाणी संपलं की पहिलं उरलेलं आयोडीन मोकळं फिरतं, आणि तो जोर एकदम खाली येतो. तिथं मशीन थांबतं. सुरुवातीला ते भराभर द्रावण सोडतं, शेवट जवळ आला की हात आखडतं, वरणात मीठ घालणारी बाई शेवटी शेवटी चिमटीवर येते तसं. हे पाहून माझा सगळा माज उतरला. ज्यानं कोणी हे पहिल्यांदा सुचवलं असेल, त्याच्या पाया पडावं असं वाटलं, आणि मी काही उगाच पाया पडणारी बाई नाही. त्या दिवशी घरी जाऊन मी नवऱ्याला जेवताना सगळी मोटर समजावून सांगितली. तो बिचारा हो हो करत जेवला.

दोन महिने मशीन सोन्यासारखं चाललं. मग मे महिना आला आणि लॅबचा एसी बंद पडला. मेकॅनिक म्हणाला, कॉम्प्रेसर गेला, आठ-दहा दिवस लागतील. बाहेर पंचेचाळीस डिग्री. खोली तापली की मशीनच्या अंगाला हात लावून पाहत होते मी, ताप आलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा. शेवटी कॅन्टीनमधला मोठा कूलर उचलून आणवला. लॅबमध्ये झाडपूस करणाऱ्या आणि काचसामान धुणाऱ्या मावशींनी तो माझ्या टेबलाकडे लावला, तर मीच त्यांच्यावर डाफरले. "मले काय होते वं? मशीनकडे कर त्याचं तोंड. लाखोचं मशीन आहे ते."

मावशींनी कूलर वळवला. रोज सकाळी टाकीत बादल्या ओतल्या, खसाच्या ताट्या भिजवल्या. मशीन आणि शेजारचा तराजू गारेगार, आणि मी घामानं निथळत. मला त्यात मोठेपणा वाटत होता.

त्याच आठवड्यात पहिली बॅच नापास झाली. पाणी मर्यादेपेक्षा जास्त. दोन दिवसांनी दुसरी, मग तिसरी. तिन्ही बॅचा ड्रायरवरच्या एकाच माणसाच्या; त्या दिवसांत ड्रायर त्याच्याच हाती होता. कुही गावाकडचा, पन्नाशीचा, बारा वर्षांपासून कंत्राटावर. त्याचा परमनंट होण्याचा कागद त्याच महिन्यात मॅनेजरच्या टेबलावर आला होता, हे सगळ्या कारखान्याला माहीत होतं. मॅनेजरनं मला बोलावून सांगितलं, "आणखी एक बॅच गेली तर मी तो कागद परत पाठवतो. ज्याला माल वाळवता येत नाही, तो माणूस परमनंट करून काय करू?" मी मान हलवली. मी नुसती मान हलवली, याची आजही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो माणूस लॅबच्या दारात उभा राहिला. हातात कागदाची पुडी. "मॅडम, येऊ काय?"

"या भाऊ. पण आकडा काही बदलणार नाही."

तो आत आला, मशीनजवळच्या टेबलावर त्यानं पुडी उघडली आणि कागद तिरपा केला. पावडर रव्यासारखी सुळकन घसरली. "हे पाहा मॅडम. आत्ता ड्रायरमधून काढून आनली. बारा वर्सं मी मुठीत धरून माल पाहून राहिलो. वल्ला माल असा घसरत नाही."

मला राग आला. मुठीत धरून. मी त्याला प्लॅटिनमच्या तारा सांगितल्या, मोटरची पावलं सांगितली, आयोडीन सांगितलं. तो ऐकत होता. दहा मिनिटं मी बोलत होते आणि शेवटी म्हणाले, "भाऊ, मशीन खोटं बोलत नाही. माणसं बोलतात."

चेहरा पडला त्याचा. मग पुडी परत बांधायला त्यानं कागद उचलला, आणि पावडर घसरली नाही. कागदाला चिकटून बसली होती. त्यानं बोटानं ढकलली, तर तिच्या गाठी झाल्या. तो कागदाकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "तिकडं मोकळी होती ना मॅडम. इथं येऊन काहून चिकटली?"

कूलरचा वारा माझ्या हातावर येत होता. गार, ओला.

मी त्याला म्हटलं, थांबा. पावडर तोलायची छोटी होडी, म्हणजे होडीच्या आकाराची वाटी, घेतली, रिकामीच. नेहमी करते तसं भांड्याचं बूच काढलं, होडी आत नेऊन उलटी केली, काही नसताना टिचकीसुद्धा मारली, बूच लावलं आणि मशीन सुरू केलं. मोटर पावलं टाकू लागली. ज्यात काही घातलंच नव्हतं, त्यात मशीनला पाणी सापडलं. थोडंथोडकं नाही. मग कूलर बंद केला, दारं-खिडक्या उघडल्या, बाहेरची कोरडी झळ आत येऊ दिली, आणि अर्ध्या तासानं तेच परत केलं. या वेळी मोटरनं दोनचार पावलं टाकली आणि थांबली.

पावडर तोलताना कूलरच्या वाऱ्यातलं पाणी पीत होती, आणि बूच उघडलं की तोच वारा भांड्यात शिरत होता. मशीननं एकेक कण इमानानं मोजला होता. त्याच्याकडे कूलर मी वळवला होता.

कपाटात तिन्ही बॅचांचे नमुने ड्रायरजवळच भरून सीलबंद केलेल्या बाटल्यांत होते. त्या उकाड्यात मी ते एकेक करून लावले. तो माणूस हलला नाही, मावशीही फडकं हातात धरून उभ्या. पहिला पास. दुसरा पास. तिसऱ्याला मशीन शेवटाजवळ येऊन हळू झालं, आणि मीच पदरानं कपाळ पुसत देवाचं नाव घेतलं. पास.

तीन रिपोर्ट मी तिथंच लिहिले. चूक कशामुळे झाली त्या रकान्यात "तपासणाऱ्याची चूक" असं लिहून खाली सही केली. मॅनेजर म्हणाला, "मॅडम, सत्तावीस वर्षांत तुमच्या नावावर असं काही नाही. कूलर लिहा ना." मी म्हटलं, कूलर आपल्या पायानं नाही आला. त्यानं परमनंटचा कागद ओढला आणि माझ्यासमोर सही केली.

मी ड्रायरकडे गेले. तो ट्रे ओढून मुठीत माल धरून पाहत होता. माफी मागायची मला सवय नाही, त्यामुळे ती वाकडीतिकडीच निघाली. म्हटलं, "भाऊ, कागदावर सही झाली. आणि मी तुम्हाले जे बोलले, ते मशीनच्या जोरावर बोलले. मशीनची चूक नव्हती."

"नाही ना मॅडम," तो म्हणाला. "त्यानं बरोबरच सांगितलं. पानी होतंच. कोनाचं होतं, ते कोनी इचारलं नाही."

मग त्यानं मूठ उघडली. पावडर बोटांमधून घसरून ट्रेमध्ये पडली. त्यानं तळहात माझ्यापुढे धरला. तो कोरडा होता.