दिगंबरच्या चाकूची मूठ

आमचं पोस्टिंग ईशान्येकडच्या सीमेवर होतं. सकाळी ०६४० वाजता आमची जिप्सी घसरून नदीत गेली. चालवत होता नायक दिगंबर, गाव सोयगाव. शेजारी मी, हवालदार, गाव करमाड. पाणी छातीपर्यंत आलं आणि दोघांचेही सीटबेल्ट अडकले. दिगंबरने घडीचा चाकू उघडला, आधी माझा बेल्ट कापला आणि मला खिडकीतून बाहेर ढकललं. पुढच्या लोंढ्याने गाडी उलटली. तिसऱ्या दिवशी तो सापडला. चाकू दोरीने मनगटालाच बांधलेला होता, प्लास्टिकची मूठ मात्र फुटलेली.

दिगंबरच्या बायकोने, वहिनींनी, तो चाकू मला दिला. मी तो ट्रंकेत ठेवून दिला. इतकी वर्षं बाहेर काढायची हिंमत झाली नाही, हे खरं सांगतो.

गेल्या महिन्यात दिगंबरची मुलगी शुभांगी अग्निशमन दलात निवडली गेली. फोनवर म्हणाली, "काका, पप्पांचा चाकू मला पायजे. कपाटात ठेवायला नाय, वापरायला." सोमवारी १४०० वाजता तिची पहिली ड्यूटी होती. मला इतका आनंद झाला की रात्रभर डोळा लागला नाही.

वहिनींनी सोयगावहून कुऱ्हाडीचा मोडका दांडा पाठवला. अंजनाच्या लाकडाचा, दिगंबरने स्वतः तासलेला. त्यातून मुठीच्या दोन बाजूंची दोन फळकुटं निघतील, एवढंच लाकूड चांगलं होतं.

सोमवारी ०९०० वाजता मी क्रांती चौकामागच्या गल्लीत सलीमभाईंच्या दुकानात हजर झालो. चाकू-सुऱ्यांना धार लावण्यात त्यांची हयात गेली. मी म्हणालो, काम माझ्या हाताने करणार, तुम्ही फक्त लक्ष ठेवा. त्यांनी स्टूल सरकवलं आणि चहा सांगितला.

१०३० पर्यंत दोन्ही फळकुटं कापली, भोकं पाडली. सलीमभाई गिऱ्हाइकात गुंतले होते. मी जोशात कानस चालवली आणि बाहेरची बाजू गोल करायला घेतली. ते परतले, दोन्ही उचलून पाहिली आणि कपाळाला हात लावला.

"या खुदा! हवालदारसाब, दोन्ही डाव्याच बाजूची केली की तुमी!"

वीस वर्षं परेड ग्राउंडवर पोरांना डावा-उजवा शिकवला, आणि स्वतःच माती खाल्ली. दुसरं फळकूट मी पहिल्यावर ठेवून आखलं होतं आणि तसंच घासलं होतं. लाकूड संपलेलं.

"दुसऱ्या लाकडाचं बसवू का?" सलीमभाईंनी विचारलं.

"नाय. दिगंबरचंच पाहिजे."

त्यांनी दुसरं फळकूट उजेडात धरलं. "गोलाई जास्त नाय. पलटी करा. गोल बाजू सपाट घासा, ती आत जाईल. थोडं पातळ होईल, पर बसंल."

मी घासत सुटलो. ११५० वाजता दोन्ही बाजू जुळल्या. पात्याशेजारी कागदाची घडी सरकवली, कारण रिवेट ठोकताना मूठ आवळली तर पातं उघडत नाही. पितळी रिवेट सलीमभाईंनी धरले, ठोकले मी. १२४० वाजता कागद ओढला आणि चाकू उघडला. टक्! सलीमभाईंनी पाठीत असा धपका घातला की चहा सांडला.

शुभांगी १३१० वाजता युनिफॉर्ममध्येच आली. चाकू हातात घेतला, अंगठा पातळ बाजूवर टेकवला.

"काका, लई भारी बसतोय हातात!"

मग तिने पिशवीतून भंगारातल्या सीटबेल्टचे दोन तुकडे काढले. "धरा घट्ट."

मी पहिला ताणून धरला.

"हा तुमचा." एका झटक्यात कापला.

मी दुसरा धरला.

"आन् हा पप्पांचा."

तोही कापला. मी सलीमभाईंसमोर, भर दुपारी, हमसून हमसून रडलो. दिगंबरला त्या सकाळी आणखी दहा सेकंद हवे होते. त्याच्या पोरीला एकच लागला.