साक-आ-ले म्हणजे दुधाची पिशवी नव्हे

सासूबाई सांगलीहून आमच्याकडे अमेरिकेत एडिसनला आल्या तेव्हा माझ्या नवऱ्याने, मंदारने, नायगारा आणि वॉशिंग्टन आधीच ठरवून ठेवलं होतं. दोन्ही पाहून झाल्यावर आई म्हणाल्या, "आता जरा माणसं दिसतील असं काहीतरी दाखवा." म्हणून २००७च्या मार्चमध्ये विमानाने ह्यूस्टन आणि तिथून गाडीने न्यू ऑर्लिन्स असा बेत केला. न्यू ऑर्लिन्स ज्या राज्यात आहे त्या लुइझियानाचा हट्ट माझाच. पुण्यात मी फ्रेंचच्या सगळ्या परीक्षा दिल्या होत्या आणि आता घरबसल्या मशीनची माहितीपत्रकं फ्रेंचमधून इंग्रजीत करून देते. अमेरिकेतल्या एका मुलखात म्हातारी माणसं अजून फ्रेंच बोलतात, हे कळल्यापासून मला तिथे जायचं होतं.

ह्यूस्टनला गाडी भाड्याने घेतली. आय-टेन हा हायवे सरळसोट आहे, चुकायला वावच नाही. लुइझियानाची हद्द ओलांडली की वेलकम सेंटर लागतं. तिथे फुकट कॉफी आणि नकाशा मिळतो, दोन्ही घ्या. शाकाहारी असाल तर डबा मात्र बरोबर ठेवा. राजमा-भातासारखा दिसणारा पदार्थ सगळीकडे मिळतो, पण त्यात डुकराचं मांस असतंच. आमचे ठेपले सकाळीच संपले होते.

दुपारी भूक लागली म्हणून एका एक्झिटला उतरलो. पेट्रोल पंपाशेजारी पत्र्याच्या छपराचं छोटं रेस्टॉरंट होतं, बाहेर दोन ट्रक उभे. आत भिंतीवरच्या फळ्यावर पदार्थांची नावं निम्मी इंग्रजीत, निम्मी फ्रेंचमध्ये. आईंनी विचारलं, "माझ्यासाठी काय आहे गं?"

मी ऐटीत वाचलं. "साक-आ-ले. म्हणजे दुधाची पिशवी. चीजचा तळलेला प्रकार दिसतोय. तुम्हाला चालेल."

"विचारून घे की," मंदार म्हणाला.

मी नाही विचारलं. फ्रेंच येत असताना विचारायचं कशाला?

ऑर्डर घ्यायला आलेली रेनी तिशीतली असेल. मालकीण, वेट्रेस, स्वयंपाकीण, सगळं तीच. दाराजवळ, आमच्या शेजारच्या टेबलाशी तिची आजी नॅपकिनच्या घड्या घालत बसली होती. आत येणाऱ्या प्रत्येकाकडे बघून ती काहीतरी पुटपुटायची आणि रेनी हसून म्हणायची, "आजी तुमचं स्वागत करतेय."

प्लेट आली. भज्यांसारखे सोनेरी तुकडे. मला आजीशी बोलायची संधी हवीच होती. मी फ्रेंचमध्ये म्हटलं, "नमस्कार. या माझ्या सासूबाई. त्या मांस-मासे काही खात नाहीत."

आजीने आईंच्या हातातल्या तुकड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि स्वच्छ फ्रेंचमध्ये म्हणाली, "मग तिला मासा कशाला खायला घालतेस?"

मी आईंचं मनगटच धरलं. साक-आ-ले हे तिथल्या तळ्यातल्या माशाचं नाव होतं. आईंनी तुकडा खाली ठेवला, उठून हात धुऊन आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "तुझी परीक्षा कोणी घेतली होती गं?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण खरा धक्का पुढेच होता. रेनी ट्रे हातात घेऊन आमच्याशेजारी थिजून उभी होती. "ती काय म्हणाली?" तिने इंग्रजीत विचारलं. मी सांगितलं. "म्हणजे तुला तिचं बोलणं कळतं? त्याला अर्थ आहे?"

रेनी खुर्ची ओढून बसली. समुद्रकाठचं त्यांचं गाव दीड वर्षापूर्वीच्या वादळात वाहून गेलं. ती आजीला घेऊन इकडे हायवेवर आली, जिथे ओळखीचं कोणी नाही. मग आजीला पक्षाघाताचा झटका आला. आयुष्यभर नातीशी इंग्रजी बोललेली आजी शुद्धीवर आली ती तिचं इंग्रजी पुसूनच. टेक्सासमधल्या डॉक्टरांनी सांगितलं, हे शब्द नाहीत, नुसते आवाज आहेत, डोक्यात फारसं काही उरलेलं नाही. आजी स्वतःच्या लहानपणी फ्रेंच बोलायची हे रेनीला माहीत होतं, पण त्यातला एक शब्दही तिला येत नव्हता, म्हणून तिने डॉक्टरांचंच खरं मानलं. "पुढच्या आठवड्यात मी तिला नर्सिंग होममध्ये ठेवणार आहे," ती म्हणाली. "ती मला ओळखत नाही असं वाटलं मला."

मी आजीला विचारलं, आपण कुठे आहोत?

"रेनीच्या खानावळीत," आजी म्हणाली. "माझं घर पाण्यात गेलं. ही पोरगी रोज रू करपवते आणि वाटसरूंना खायला घालते. मी दारात बसून सगळ्यांना सांगते, खाऊ नका, करपलंय. कोणी ऐकतच नाही."

रू म्हणजे तेलात मैदा भाजून केलेला रश्श्याचा पाया. मी हे रेनीला इंग्रजीत सांगितलं. ती मोठ्याने हसली, आणि हसता हसता तिचा चेहरा एकदम उतरला. इतके महिने ती ज्याला स्वागत समजत होती ते हे होतं.

"तिला नर्सिंग होमबद्दल विचार," ती म्हणाली. "तिला तिथे जायला चालेल का?"

पुस्तकात मी शिकलेला शब्द होता 'विश्रांतीचं घर'. तोच वापरला. आजी म्हणाली, "मी दमलेली नाही." तिला वाटलं मी हॉटेलबद्दल बोलतेय. मी दुसरा शब्द काढला, तोही तिला परका. शेवटी मला 'म्हाताऱ्यांचं घर' म्हणावं लागलं. नॅपकिनवरचा तिचा हात थांबला. ती म्हणाली, "तिला वाटतं का, मला वेड लागलंय?"

हे वाक्य इंग्रजीत म्हणायला मला दोनदा सुरुवात करावी लागली. त्यातलं व्याकरण पहिलीतल्या मुलालाही जमलं असतं. रेनीने आजीचे दोन्ही हात धरले. तुला वेड लागलेलं नाही, मलाच तुझं बोलणं कळत नव्हतं, असं ती म्हणाली. ते मी जसंच्या तसं फ्रेंचमध्ये सांगितलं, आणि मग विचारलं, तुम्ही हिला ही भाषा का शिकवली नाहीत?

आजीने सांगितलं, शाळेत फ्रेंच बोललं की बाई मक्याच्या दाण्यांवर गुडघे टेकायला लावायच्या. रक्त यायचं. तेव्हाच तिने ठरवलं की आपल्या घरातल्या पोरांवर ही वेळ येऊ द्यायची नाही.

ही गोष्ट रेनीने कधी ऐकलीच नव्हती. मंदारने आईंसाठी मराठीत सांगितली. आई म्हणाल्या, "अमेरिकेत?"

त्यानंतर आजीने सूत्रं हातात घेतली. या बाईला उपाशी पाठवायचं नाही म्हणाली आणि रेनीला 'फेवी' आणायला सांगितलं. हा शब्द माझ्या कुठल्याच पुस्तकात नव्हता. आजी स्वतः काठी टेकत आम्हाला घेऊन आत स्वयंपाकघरात गेली आणि फ्रीजरमधून भेंडीची पिशवी काढून तिने माझ्यासमोर आपटली. मग कांदा, टोमॅटो, आणि शेवटी 'एतुफे' कर म्हणाली.

"त्याचा जीव गुदमरव म्हणतेय," मी रेनीला म्हटलं.

"कोणाचा?" रेनी दचकली.

मंदारने हेही मराठीत सांगितल्यावर आईंनी माझ्याकडे पाहिलं. "अगं, झाकण ठेवून वाफेवर शिजव म्हणत असेल," त्या म्हणाल्या, आणि शेगडीवरच्या पातेल्यावर त्यांनीच झाकण ठेवलं. आजीने मान डोलावली. ती भेंडी आणि भात आईंनी दोनदा वाढून घेतला. रेनीने त्याचं बिल लावलं नाही. मी आमचा फोन नंबर देऊन निघाले.

न्यू ऑर्लिन्सबद्दल थोडक्यात सांगते. पिठीसाखर भुरभुरलेले चौकोनी तळलेले पाव जरूर खा, काळे कपडे घालून जाऊ नका. फ्रेंच क्वार्टरमध्ये पार्किंग फार महाग आहे, गाडी हॉटेलवर ठेवून ट्रामने फिरा. शहराच्या काही भागांत मात्र पुरात बुडालेली घरं अजून दारं-खिडक्यांना फळ्या ठोकून उभी होती. आई गाडीची काच खाली करून बघत राहिल्या. फोटो कोणीच काढला नाही.

एडिसनला परतल्यावर मी कामाला लागले, आणि प्रत्येक माहितीपत्रकापाशी अडखळू लागले. पूर्वी मला शब्द आला की काम झालं असं वाटायचं. आता साधा शब्दही मी दोनदा तपासते. आई सांगलीला परत गेल्या, त्या सगळ्यांना नायगारा सोडून ही भेंडीच सांगतात म्हणे.

उन्हाळ्यात रेनीचा फोन आला. नर्सिंग होम तिने कॅन्सल केलं होतं. चर्चमध्ये चौकशी केल्यावर एक फ्रेंच बोलणाऱ्या मावशी सापडल्या होत्या. त्या दुपारी येऊन आजीशी गप्पा मारतात आणि रेनी भाज्या चिरता चिरता शेजारी बसून ऐकते. आजीने रू हातात घेतल्यापासून गिऱ्हाईक वाढलंय, हेही तिने सांगितलं. मग तिने फोन आजीला दिला.

आजी भराभर काहीतरी बोलली. शेवटी म्हणाली, "सा मूय." मला त्याचा अर्थ लागला तो 'ते भिजवतंय' असा. काय भिजवतंय, कशाला, काही कळेना. मी पुन्हा विचारलं, तिने पुन्हा तेच सांगितलं. शेवटी मी म्हटलं, जरा रेनीला द्या.

रेनी आजीशी दोन शब्द बोलली, फ्रेंचमध्ये, अडखळत. मग मला इंग्रजीत म्हणाली, "आमच्याकडे पाऊस पडतोय. एवढंच सांगतेय ती."