उडणाऱ्या माणसासाठी किनार

माझे सासरे भैयाजी उमरेडकर यांनी आयुष्यभर बायकांची लुगडी विणली आणि उतारवयात एका उडणाऱ्या माणसाचं उपरणं विणलं. आमच्याकडे सासऱ्याला मामाजी म्हणतात, तर मीही तेच म्हणते. तो उडणारा माणूस ‘शक्तिपंचक’ नावाच्या सिनेमाचा हिरो होता. सिनेमा इतका टुकार की त्याचं नाव लिहायलाही जिवावर येतं. पण मामाजींची गोष्ट त्याच्याशिवाय सांगता येत नाही, म्हणून नाइलाज.

तांडापेठ या विणकरांच्या वस्तीत आमचं घर. पुढच्या खोलीत माग आणि मागच्या दोन खोल्यांत आम्ही. एके काळी गल्लीत शिरलं की घराघरातून मागाची खटखट यायची म्हणे. मी वाडीहून लग्न होऊन आले तेव्हा ती फक्त आमच्या घरातून यायची, तीही मामाजींना लहर आली तर. बाकीच्यांनी माग मोडून खोल्या भाड्याने देऊन टाकल्या होत्या. माझा नवरा संजीव तर कधी मागावर बसलाच नाही. तो कोराडीच्या वीज केंद्रात ठेकेदाराकडे आहे. उंच चिमण्यांवर आणि लोखंडी सांगाड्यांवर चढून रंगकाम, डागडुजी करतो. मी एकदाच ते खाली उभी राहून पाहिलं आणि पुन्हा म्हणून गेले नाही.

मामाजी एकदाही गेले नाहीत. त्यांनी आपला उपाय घरबसल्या काढला होता. संजीव कामाला लागला तेव्हा त्यांनी त्याच्यासाठी पांढरा दुपट्टा विणला, दोन्ही बाजूंना करवतीच्या दातांसारखी पिवळी किनार घालून. आमच्या घरात बिनकिनारीचं कापड फक्त मेलेल्या माणसावर घालायला विणतात. जित्या माणसाच्या कापडाला किनार हवीच, मग ती बोटभर का असेना. किनार असलेल्या कापडाला मरण हात लावत नाही, असं मामाजींच्या आजोबांपासून चालत आलेलं. मला ते पटतं का? नाही. पण माझ्या मुलीचं पहिलं दुपटं मीही किनार बघूनच घेतलं.

संजीव बरीच वर्षं तो दुपट्टा डोक्याला बांधून जायचा. मग हेल्मेट आलं, कमरेचे पट्टे आले, सोबतची पोरं हसायला लागली आणि दुपट्टा दारामागच्या खुंटीवर गेला. रोज सकाळी संजीवची गाडी गल्लीबाहेर पडली की मामाजी आधी खुंटीकडे बघत. दुपट्टा तिथेच असे. मग समोरचा चहा तसाच निवून जाई. मी तो पुन्हा गरम करून द्यायची, कधी चिडून, कधी मुकाट्याने. बापलेकांना एकमेकांशी बोलायला काय होतं, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

अशात अदिती आली. ही आमच्याच गल्लीतली मुलगी, मुंबईत सिनेमाचे कपडे करते. तिला हिरोच्या पाठीवर सोडायला हातमागाचं कापड हवं होतं. जाड, गडद लाल आणि एकदम साधं.

“आजोबा, किनार नको हं,” ती जाताना बजावून गेली.

मामाजींनी मान डोलावली. माझ्या सासूबाई, भागीरथाबाई, धोट्यात बसवायच्या कांड्यांवर सूत भरायला बसल्या. लग्न झाल्यापासून त्यांनी कांड्या भरायच्या आणि मामाजींनी विणायचं, असंच चालत आलेलं. कितीतरी दिवसांनी खोलीत सुताचा वास आला, माग बोलायला लागला. मीसुद्धा उगाच त्या खोलीतून ये-जा करायची. कापड उतरलं तेव्हा पाहते तर दोन्ही कडांना पिवळी करवती किनार.

अदितीने कपाळाला हात लावला. “आजोबा, मी काय सांगितलं होतं?”

“तुह्या हिरोचं काम काय हाये?” मामाजींनी विचारलं.

“उडायचं. इमारतींवरून उड्या मारायच्या.”

“अन् त्याच्या पाठीवर बिनकिनारीचं कापड देऊ मी? कोनाचं तरी लेकरू असन न बाई ते.”

“बघते,” अदिती म्हणाली आणि कापड घेऊन गेली. तिने किनार ठेवली की कापली, हे काही कळलं नाही. मामाजी तिला फोन करू देत नव्हते. पण सिनेमाची जाहिरात कुठे दिसली की डोळे बारीक करून हिरोची पाठ शोधायचे. जाहिरातीतला हिरो कायम समोरून.

सिनेमा लागला त्या रविवारी आम्ही सगळे गेलो. मामाजी धुतलेलं धोतर नेसून, सासूबाई ठेवणीतलं लुगडं नेसून. काय सांगू त्या सिनेमाचं! प्रयोगशाळेवर वीज पडते आणि पाच जणांना शक्ती मिळते. त्यातली एक बाई भिंतीतून आरपार जाऊ शकते, पण अख्ख्या सिनेमात दारं ठोठावते. खलनायकाला सूर्य विझवायचा असतो. का, ते त्यालाही ठाऊक नसावं. जो तो दुसऱ्याला उचलून काचेवर फेकत होता. मागच्या रांगेत एक जण चक्क घोरत होता आणि मला त्याचा हेवा वाटला. संजीव पोट धरून हसत होता.

मामाजी मात्र पुढच्या खुर्चीला धरून बघत होते. हिरो उडाला. पाठीवर ते लाल कापड फडफडलं, पडदाभर पसरलं. सपाट लाल होतं ते, किनारीचा मागमूस नाही. हिरो जितक्यांदा उडाला तितक्यांदा मामाजी खुर्चीत आणखी खाली सरकत गेले. मध्यंतर झालं तसे ते उठले.

“कापली,” ते म्हणाले. “चला घरी.”

संजीव जिन्यावरून उतरताना हसत म्हणाला, “बाबा, काहून एवढं मनावर घेऊन राहिले? तो खरंच थोडी उडते! सगळं कंप्युटरचं काम हाये.”

मामाजी थांबले. “तू तं खरा चढतं न,” ते म्हणाले.

संजीवचं हसू जागच्या जागी विरलं. त्यानंतर मामाजी मागाकडे फिरकेनात आणि सकाळी खुंटीकडे बघायचंही त्यांनी सोडलं. ते बघायचे तेव्हा मला राग यायचा. आता बघत नाहीत म्हटल्यावर भीती वाटायला लागली.

मग मी कोणाला न विचारता अदितीला फोन लावला आणि तोंडसुख घेतलं. तिने ते ऐकून घेतलं आणि म्हणाली, “अगं ताई, नाही कापली! उडताना दिसतं ते कापडच नाही, ते कंप्युटरवर केलंय. आजोबांचं कापड जमिनीवरच्या प्रसंगात आहे. तिथे मी किनार आत दुमडून शिवली होती. पण शेवटी एका ठिकाणी दिसते. तुम्ही पूर्ण नाही पाहिला?”

पूर्ण पाहायला माणसाजवळ केवढा धीर पाहिजे! मी मामाजींना सांगितलं. ते म्हणाले, “तोंडानं कोनीबी सांगन. डोळ्यानं पाहू तं खरं.” पण सिनेमा आपटला होता. शुक्रवारी उतरणार होता. गुरुवारी सकाळचा एक खेळ उरला होता आणि योगायोगाने गुरुवारी संजीवची सुट्टी होती. मी काही बोलायच्या आत त्यानेच रिक्षा बोलावून आणली.

अख्ख्या थेटरात आम्ही आणि कॉलेजची चार टवाळ पोरं. मध्यंतरानंतर तेच काचेचे तुकडे, तीच दारं. शेवटाकडे हिरोची शक्ती जाते आणि तो उंच मनोऱ्यावरून खाली कोसळतो. मनोरा थेट कोराडीच्या चिमणीसारखा होता. सासूबाईंनी माझा हात घट्ट धरला. मी संजीवकडे बघितलं नाही, बघवलं नाही. हिरो निपचित पडला. ती भिंतीतून जाणारी बाई रडत आली आणि तिने त्याच्या पाठीवरचं कापड सोडून त्याच्या तोंडावरून ओढलं. हिरो आडदांड, दुमडलेलं कापड त्याला आडवं पुरत नव्हतं, म्हणून तिथे अदितीने शिलाई उसवली होती. लाल कापडाच्या दोन्ही कडांना पिवळे करवतीचे दात, पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

पडद्यावर सगळे रडत होते. मामाजी ताडकन उभे राहिले. “मेला नाई गा तो!” ते मोठ्याने म्हणाले. “किनार हाये त्याले! संज्या, पाय, मेला नाई!”

ती टवाळ पोरं वळून हसली. एक म्हणाला, “आजोबा, चूप बसा न.” संजीव हसला नाही. त्याने वडिलांचा हात धरून त्यांना खाली बसवलं आणि तो हात मग सोडलाच नाही. थोड्या वेळाने कापड हललं आणि हिरो उठून बसला. अर्थातच उठला, असल्या सिनेमात तो मरतो कुठे! पोरांनी शिट्ट्या मारल्या. मामाजी डोळे पुसत होते आणि खरं सांगते, मीही पुसत होते, एवढ्या भिकार सिनेमात.

दुसऱ्या दिवशी सकाळी संजीवची गाडी गल्लीबाहेर पडली. मामाजींनी जुन्या सवयीने खुंटीकडे मान वळवली. खुंटी रिकामी होती. त्यांनी चहा उचलून गरम होता तोवरच पिऊन टाकला. कप खाली ठेवून त्यांनी आत हाक दिली.

“संज्याची माय, कांड्या भर वं. त्याचा दुपट्टा पार विरला हाये.”

“भरून राहिली न मघापासून,” सासूबाई आतून म्हणाल्या.