जिभेवरचा थेंब

गाडी चालवणारे ब्रेकला भितात, टायरला भितात, पोलिसाला भितात. पाण्याला भिणारा माणूस मी एकच पाहिला. आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं रेडिएटर दुरुस्तीचं दुकान होतं, आणि सगळी गल्ली त्यांना उस्ताद म्हणायची.

दुकान म्हणजे एक लांबट, ओलसर खोली. भिंतीला टेकून उभे केलेले जुने रेडिएटर, मधोमध सिमेंटचा हौद, आणि मागच्या पडद्याआड घर. रेडिएटरला हवेची नळी जोडून उस्ताद तो हौदात बुडवायचे आणि पाण्याकडे बघत बसायचे. कुठूनतरी एक बुडबुडा सुटायचा. तिथं ते खडूची खूण करायचे आणि पुन्हा बघत बसायचे. गल्लीतल्या कुणाला इतका वेळ गप्प बसता येत नसे.

त्यांच्या डाव्या हाताची कातडी कोपरापासून मनगटापर्यंत चुरगळलेल्या कागदासारखी होती. तरुणपणी, घाईत, तापलेल्या गाडीच्या रेडिएटरचं झाकण त्यांनी फिरवलं होतं. आतलं पाणी कोंडलेलं होतं. मोकळं होताच ते वर उसळलं. तोंड वाचलं, हात गेला. त्यानंतर कोणतीही गाडी आली की ते आधी बॉनेट उघडून वरच्या रबरी होजजवळ उलटा हात न्यायचे. ऊब नसली तर होज चिमटीत दाबायचे. टणक लागला की आत अजून दाब आहे. मग समोरचा माणूस लग्नाला निघालेला असो की विमानाला, उत्तर एकच.

“बसा. चहा घ्या.”

“अहो उस्ताद, पाच मिनिटांचं काम!”

“हो ना. पण तोंड एकच असतं माणसाला.”

समोरचा चहावाला म्हणायचा, “उस्ताद, माझं दुकान तुमच्या भीतीवर चाललंय. भिणं सोडू नका बरं का.”

गाडी गार झाल्यावरही झाकणावर जाड फडकं टाकायचं, मान बाजूला वळवायची, पहिल्या खाचेपर्यंतच फिरवून थांबायचं. आतला फुसफुस आवाज पुरता विरला की मगच पुढे. हे सगळं ते इतक्या आदबीनं करायचे की वाटावं, आत कुणी झोपलंय.

त्यांची सगळी भीती गरम पाण्यानं घेतली होती. गार पाण्यासाठी काही उरलीच नव्हती.

गाडीखाली ओल दिसली की गिऱ्हाईक घाबरून यायचं. ही ओल नुसत्या पाण्याची, एसीतून ठिबकलेली, की इंजिन गार ठेवणाऱ्या कूलंटची? उस्ताद उकिडवे बसायचे, करंगळी ओलीत टेकवायचे, जिभेच्या टोकाला लावायचे आणि डोळे मिटायचे.

“गोड. कूलंट आहे. पंपापाशी बघायला हवं.”

किंवा, “बेचव. एसीचं पाणी. निवांत घरी जा.”

मग बाजूला थुंकून हौदाशेजारच्या नळावर चूळ भरायचे. कूलंटच्या कॅनवर कवटीचं चित्र होतं. ते विष आहे हे त्यांना ठाऊक होतं, जसं आपल्याला एक दिवस मरायचंय हे ठाऊक असतं. जुन्या मिस्त्रींनी त्यांना असंच शिकवलं होतं, आणि जुने मिस्त्री चांगले म्हातारे होऊन गेले होते. टॅक्सीवाले तर खास हे बघायला थांबायचे. “आमच्या उस्तादांची जीभ म्हणजे प्रयोगशाळा,” ते नव्या माणसाला सांगायचे. उस्ताद वरकरणी “पुरे रे” म्हणायचे, पण डोळे जरा जास्त वेळ मिटलेले ठेवायचे.

घरात लेक आणि चार वर्षांची नात. लेक एका छापखान्यात पुस्तकं बांधायच्या कामाला होती. ती कामावर गेली की नात दुकानातच. पुढचे दोन मोठे दात आणि सतत काहीतरी कुरतडण्याची सवय, म्हणून तिचं नाव खारूताई. हौदाच्या कडेला तिची प्लॅस्टिकची कपबशी मांडलेली असायची. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती हवेचा चहा पाजायची, आणि चहावाल्याला बजावायची, “तुमच्यापेक्षा माझा चांगला होतो.”

गरम इंजिनाजवळ तिला मज्जाव होता. उस्तादांनी जमिनीवर खडूनं रेघ मारली होती. बॉनेट उघडं असलं की तिनं रेघेच्या अलीकडे राहायचं. ती कधीच रेघ ओलांडत नसे. कूलंट काढायचा पत्र्याचा ट्रे मात्र रेघेच्या अलीकडेच पडलेला असायचा.

त्या दुपारी एका टॅक्सीचा रेडिएटर साफ करायचा होता. गाडी सकाळपासून उभी राहून पुरती गार झाली होती. उस्तादांनी खालची तोटी सोडली, हिरवं पाणी ट्रेमध्ये उतरलं, त्यांनी तोटी बंद केली आणि टॅक्सीवाल्याशी होजच्या क्लिपांबद्दल बोलत राहिले. मागून बारीक आवाज आला.

“गोड. कूलंट आहे.”

खारूताई उकिडवी बसली होती. करंगळी ओली, डोळे मिटलेले, मान तशीच किंचित तिरकी. हुबेहूब. टॅक्सीवाला खो खो हसला. उस्तादही हसले.

“बघा,” ते म्हणाले, “दुकानाला वारस मिळाला. थुंक गं आता, थुंक. जा, चूळ भर.”

ती शहाण्यासारखी नळावर गेली. एका बोटाला लागलेल्या थेंबानं काय होतंय, त्यांनी स्वतः हजारदा चाखलं होतं. ते पुन्हा क्लिपांकडे वळले.

काही वेळानं ती हौदाच्या कडेनं चालताना भेलकांडली आणि स्वतःशीच हसायला लागली. चहावाला ग्लास गोळा करायला आला होता.

“काय खारूताई, झिंगलीस का?”

ती आणखी हसली आणि मटकन खाली बसली. “जमीन हलते,” असं काहीतरी म्हणाली, पण शब्द एकमेकांत मिसळले होते. मग तिला उलटी झाली.

उस्तादांनी उलटीकडे पाहिलं नाही. त्यांनी ट्रेकडे पाहिलं. ट्रेच्या काठाशी प्लॅस्टिकचा कप आडवा पडला होता. आत तळाला हिरवं होतं.

त्यांच्या हातातला पाना खाली पडला. त्यांनी कप उचलला, उजेडात धरला, आणि ठेवायला जागा सुचेना म्हणून खिशात टाकला.

“मिठाचं पाणी पाजा, सगळं बाहेर पडेल!” गल्लीतून कुणी ओरडलं. चहावाला तोवर फोनवर हॉस्पिटलशी बोलत होता. त्यानं हात वर केला. “काही पाजू नका! उलटी करवू नका म्हणतायत. ताबडतोब आणा. आणि तो कॅन बरोबर आणा, लेबल बघायचंय त्यांना.”

दारात एकच गाडी होती, आणि तिचं पाणी उस्तादांनी स्वतःच्या हातानं काढून टाकलं होतं.

टॅक्सीवाल्यानं त्यांच्याकडे पाहिलं. “साधं पाणी भरून निघू?”

“भरा.”

नळाची नळी लावली. पाणी वरपर्यंत आलं तसं झाकण बसवलं. एरवी आत अडकलेली हवा काढायला उस्ताद इंजिन चालू ठेवून किती वेळ उभे राहायचे. आज तेवढा वेळ नव्हता. चहावाल्याला छापखान्यात फोन करायला सांगून, नातीला मांडीवर आणि कॅन पायाशी घेऊन ते पुढच्या सीटवर बसले.

पहिल्या मोठ्या चौकापर्यंत काटा जागेवर होता. मग सिग्नल लागला. सिग्नल सुटला तरी गाड्या हलल्या नाहीत. काटा मधली रेघ ओलांडून वर सरकू लागला. उस्तादांची एक नजर त्या काट्यावर आणि एक मांडीवर. खारूताईचं हसू केव्हाच थांबलं होतं. ती पेंगत होती, आणि श्वास जरा जास्तच भरभर चालला होता.

“झोपू नकोस गं. सांग बघू, चहा कोणाचा चांगला होतो?”

“माझा,” ती म्हणाली. मग काहीच म्हणाली नाही.

“हीटर लावा,” उस्ताद म्हणाले.

“या उन्हात?”

“पूर्ण लावा. इंजिनाची उष्णता तेवढीच आत येईल. काचा उघडा, एसी बंद ठेवा.”

पायांवर गरम वारा आला. सगळ्यांना घाम फुटला. काटा क्षणभर थबकला, आणि पुन्हा चढला. हॉस्पिटलची पांढरी इमारत पुलापलीकडे दिसू लागली तेव्हा बॉनेटच्या फटीतून वाफ निघाली. टॅक्सीवाल्यानं गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि पाण्याची बाटली घेऊन खाली उडी मारली.

“ओततो थोडं, लगेच पोहोचू!”

त्यानं बॉनेट उचललं. वाफेचा लोट वर आला. त्याचा हात झाकणाकडे गेला.

“हात लावू नका!” उस्ताद असे ओरडले की पुलावरची माणसं थांबली. “झाकण उघडू नका! मागे व्हा! आपोआप गार होऊ द्या!”

हात मागे आला. झाकण तसंच राहिलं. उस्तादांनी नातीला खांद्यावर घेतलं, कॅन दंडाला अडकवला आणि पुलावरून धावत सुटले. धावताना त्यांना तिचं वजन जाणवत होतं. झोपलेलं मूल जड लागतं हे प्रत्येक आजोबाला माहीत असतं. ती नेहमीपेक्षा किती जड आहे, एवढंच ते मापत होते.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि भरभर बोलत होत्या. त्यांनी कॅनचं लेबल वाचलं, रक्त घेतलं, सलाईन लावलं. “याला उतारा आहे. आमच्याकडे नाही, दुसऱ्या हॉस्पिटलातून मागवलाय, निघालाय. किती प्यायली?”

“बोट चाटलं तिनं,” उस्ताद म्हणाले.

“एवढ्यानं असं होत नाही, आजोबा. आठवून सांगा.”

लेक तेवढ्यात आत आली. तिच्या बोटांवर डिंक वाळलेला होता. तिनं मुलीच्या कपाळाला हात लावला आणि वडिलांकडे वळली. “बाबा?”

उस्तादांनी खिशातून कप काढून टेबलावर ठेवला. एवढासा, दांड्यावर फूल असलेला.

“यानं. एकदा की चारदा, मला माहीत नाही. माझी पाठ होती.”

“चारदा धरून चालू,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि कप घेऊन गेल्या.

लेक कॉटच्या कडेला बसली. “दूध गोड करून दिल्याशिवाय पीत नाही ती. औषध थुंकते. हे हिरवं पाणी गोड लागतं, हे तिला कुणी सांगितलं?”

पंखा फिरत होता. उस्ताद त्याच्याकडे बघत होते.

“मी दाखवलं.”

“काय दाखवलं?”

“चाखून. रोज चाखतो मी. आज तिनं केलं तेव्हा हसलो.”

लेक ओरडली असती तर बरं, असं त्यांना वाटलं. ती उठली आणि कॉटच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसली. आता दोघांच्या मध्ये मूल होतं.

उतारा संध्याकाळी आला. सलाईनमधून तो उतरू लागला. “आता किडनीवर लक्ष,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “लघवी होत राहिली तर आपण जिंकतोय. थांबली तर मशीनला जोडावं लागेल.” मग एक नळी, एक पारदर्शक पिशवी, आणि ते दोघं. आयुष्यभर थेंबांकडे बघत बसलेला माणूस तिथंही तेच करत होता. फक्त इथं गळती थांबू नये म्हणून जीव टांगणीला लागला होता. पिशवीतली पातळी वाढते आहे असं वाटे. मग वाटे, आपणच डोकं खाली केलंय म्हणून तसं दिसतंय. नर्स येई, पिशवी उचलून बघे, लिहून जाई. तिच्या चेहऱ्यावर काही वाचता येत नसे.

सकाळी डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट चाळले. “रक्तातलं आम्ल उतरतंय. किडनी चालू आहे.” लेकीनं तोंड दोन्ही हातांत लपवलं. “पण इतक्यात सुटलो म्हणू नका,” बाई पुढे म्हणाल्या. “अजून वेळ द्यायचा. पुन्हा पुन्हा तपासायचं.”

उस्तादांनी मान हलवली. वेळ द्यायचा म्हणजे काय हे त्यांना कळत होतं. पण बाहेर चहा घेऊन वाट बघणं वेगळं, आणि हे वेगळं.

ऊन खिडकीच्या गजांवर आलं तेव्हा खारूताईनं डोळे उघडले. ओठ कोरडे पडले होते.

“आबा, पाणी.”

नर्सनं मान डोलावली. “घोट घोट द्या.”

उशाशी जग होता, काचेचा ग्लास होता. उस्तादांनी अर्धा ग्लास भरला. पाणी स्वच्छ होतं, आरपार दिसत होतं. त्यांनी तो ग्लास उजेडाकडे धरला. वास घेतला. पुन्हा उजेडाकडे धरला. हात पुढे जाईना.

“आबा,” ती कुरकुरली.

त्यांनी ग्लास कॉटवरून पलीकडे केला. “तू दे,” ते लेकीला म्हणाले. “माझ्या हातून नको.”

लेकीनं ग्लास घेतला. क्षणभर तीही त्यात बघत राहिली. मग तिनं आपली खुर्ची सरकवली, वडिलांचा तो चुरगळलेल्या कातडीचा हात ओढून मुलीच्या मानेखाली आधाराला ठेवला आणि ग्लास ओठांना लावला.

घोट घशातून खाली जाताना दिसत होता. मग दुसरा. दोघंही त्या इवल्याशा गळ्याकडे टक लावून बघत होते. मध्ये ती आरामात पीत होती.