टॅबलेटच्या लेखी माझी विश्रांती

वीस किलोची कणकेची पोती खांद्यावरून उतरवणं म्हणजे विश्रांती, हे मला ऑस्ट्रेलियात आल्यावर कळलं.

पुण्याहून शिकायला आलो, पीआर म्हणजे कायम राहण्याचा परवाना मिळाला आणि शेवटी छोटा ट्रक चालवायला लागलो. त्याची मला अजिबात लाज नाही. इथे मोठ्या ट्रकवाल्यांना कायद्याने कामाच्या तासांची डायरी ठेवावी लागते. माझा ट्रक लहान, त्याला ती सक्ती नाही. मग आमच्या कंपनीने, ड्रायव्हरच्या काळजीपोटी म्हणे, ट्रकमध्ये टॅबलेट बसवला. चाकं फिरली की काम, थांबली की विश्रांती! कुठल्या शहाण्याने हे डोकं चालवलं, देव जाणे.

सिडनीतल्या हॅरिस पार्क या देशी वस्तीच्या दुकानांत सगळा माल हातानेच उतरवायचा. त्यात दुकानदार काका म्हणणार, एवढी मागच्या खोलीत ठेवतोस का बेटा. वडिलांच्या वयाच्या माणसाला नाही म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मग ते चहा देत, आणि मी तो उभ्याउभ्या, पावतीवर सही घेताघेता प्यायचो. माझा मूर्खपणा बघा, एकदा कौतुकाने मॅनेजरला हे सांगून बसलो.

एका दुपारी पॅरामॅटाच्या सिग्नलला माझा डोळा लागला. मागे कुठेतरी हॉर्न वाजला म्हणून दचकून जागा झालो. समोरून एक बाई प्रॅम घेऊन रस्ता ओलांडत होती. ब्रेकवरचा पाय सुटला असता तर? गल्लीत ट्रक लावला, मॅनेजरला फोन केला आणि सांगितलं, पहाटेपासून राबतोय, आता तिकडे लांब वोलोंगॉंगची फेरी जमणार नाही. तो थंडपणे म्हणाला, टॅबलेटवर तुझी अडीच तास विश्रांती दिसते, शिवाय चहाही झालाय की, मेट. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ट्रक पुन्हा काढायचा तर स्क्रीनवर 'मी ताजातवाना आहे' हे बटण दाबावं लागतं. उद्या कोणी चाकाखाली आलं तर ते खोटं माझ्या नावावर. मी दाबलं नाही.

पुन्हा फोन आला. "ट्रक हलत का नाहीये?"

"टॅबलेट बघा ना," मी म्हणालो. "मी विश्रांती घेतोय."

सीट मागे केली आणि खरंच झोपलो.

पुढच्या आठवड्याच्या रोस्टरमध्ये माझं नाव नव्हतं. खाली कारण लिहिलं होतं: प्रमाणाबाहेर विश्रांती.