मासळी न खाणारा काशीराम

मढच्या कोळीवाड्यात कुजबुज होती, की भिकाजीचा काशीराम मासळीला हात लावत नाही, कारण भर दर्यातल्या तेलविहिरीवरून पाण्यात काय सोडतात ते त्याने डोळ्यांनी बघितलंय. आमच्या सोनूबाईने ही बातमी वर्सोव्याला पोचवली, तीही फेरीबोट पोचायच्या आधी. बाईचं पोट मोठं, पण त्यात गोष्ट काही राहत नाही.

काशीराम त्या सोडण्याच्याच कामावर. खालून तेल येतं तेव्हा सोबत गरम, खारं पाणी येतं. जुन्या विहिरीत तर तेलाहून जास्त. ते टाकीत निवळू द्यायचं, वरचा तवंग काढायचा, नमुना तपासायचा. तेलाचा अंश जास्त निघाला तर पाणी परत टाकीत, नाहीतर दर्यात. घरी मटणाच्या कालवणावरची तर्री कमी दिसली तर बायकोवर रुसणारा हा गडी, तिकडे दर्याची तर्री काढत बसतो.

बापाला हे कधी पटलं नाही. त्याची होडी लागली की प्रत्येक मुलाच्या घरी मासळीचा वाटा जायचा. नोकरी लागली तेव्हा भिकाजी म्हणाला, दर्यात घाण सोडणाऱ्याला दर्याचा वाटा नाही. काशीरामचा वाटा बंद झाला.

कामावर नेणारं हेलिकॉप्टर जुहूहून उडतं. काशीराम खिडकीची जागा कुणाला देत नाही. खाली होड्या दिसतात; बापाची कुठली, ते त्या उंचीवरून कळत नाही. तरी मान वळवून बघत राहतो. सोबतचे चिडवतात, काय रे, खाली कोण ठेवलीय? तो नुसता हसतो.

कुजबुज बाजारात गेली आणि त्याच्या आईची, कृष्णाबाईची, पाटी भरलेलीच परत येऊ लागली. गिऱ्हाईक म्हणे, मावशी, तुमचा पोरगाच खात नाही, मग आम्ही कशाला? तेव्हा कुठे भिकाजी उठला आणि कित्येक वर्षांनी मुलाच्या दारात उभा राहिला. आत बोलावलं तरी आला नाही.

"पानी घान हाय म्हनून मासली खात नाय?"

"पानी साफ हाय, बाबा. मीच बघतंय."

"मंग?"

"तुजे होरीची मासली नाय आली."

भिकाजीची बोटं जाळं विणल्यासारखी हलत राहिली. मग तो गेला.

दुसऱ्या दिवशी होडी लागली. काशीराम ओट्यावर ताट धुऊन बसला होता. सोनूबाई मुद्दाम दोनदा तिथून गेली. ताट रिकामंच होतं. पुढच्या पाळीला तो पुन्हा हेलिकॉप्टरच्या खिडकीशी बसला.

काशीराम मासळी खात नव्हता, कारण बापाच्या होडीचा वाटा त्याच्या घरी येत नव्हता.